तो खाऊन राहिला

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, पण आज सकाळी अमरावतीहून नातीने फोनवर विचारलं, "आबा, काय करून राह्यले?" आणि माझीच मला चीड आली. निवृत्तीनंतर अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी, मी दहावीला बाहेरून बसणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचो. बार्शीटाकळीहून एक पस्तिशीची बाई यायची, सकाळी कापूस वेचून, ओरखडलेल्या बोटांनी, दुपारच्या एसटीने. दहावी झाली की तिला गावच्या अंगणवाडीत अर्ज करता येणार होता. त्या दिवशी मी चालू वर्तमानकाळ शिकवत होतो. 'ही इज ईटिंग', म्हणजे 'तो खात आहे'. तिचा चेहरा एकदम उजळला. "मंजे 'तो खाऊन राहिला'! सर, हे तं आमी रोजच बोलतो!" तिचं अगदी बरोबर होतं. वऱ्हाडीतलं ते रूप तंतोतंत चालू काळाचं. तरी मी, वकिलाच्या घरातला शुद्ध बोलणारा, भडकलो. "हे गावठी इथे चालायचं नाही! खाऊन राहिला म्हणजे काय, खाऊन मुक्कामाला राहिला?" सगळे खदखदून हसले. ती वही मिटून उठली. "माही माय अशीच बोलते, सर. तिलेबी हासा." ती परत आली नाही, परीक्षेलाही बसली नाही. वर्षभराने मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. "सर, तुमी? कावून आले?" का आलो ते तिने विचारलं. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. "सहज," मी म्हणालो, आणि तिने दिलेलं पाणी पिऊन परतलो.