पंचविसावा, चंद्राच्या हिशेबाने

दिनांक २६ जानेवारी, जिलबी अर्धा किलो, हजर माणसे तीन: मी, पत्नी नसीम आणि मुलगी सना. धायरीतल्या आमच्या सोसायटीचं झेंडावंदन उरकून मी जिलबी घेऊन घरी आलो होतो.

"ही आपल्या लग्नाची का?" नसीमनं विचारलं. (आमचा निकाह सव्वीस जानेवारीचाच. सगळ्यांना सुट्टी म्हणून!)

"प्रजासत्ताकाची. लग्नाचे वाढदिवस आपल्यात नसतात."

"अहो, पंचवीस वर्षं झाली आज!"

"इंग्रजी कॅलेंडरनं! आपला हिशेब चंद्राचा. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणजे पंचवीस व्हायला अजून अवकाश आहे."

मी जन्मभर बँकेत आकडेमोड केली. एवढी मोठी चूक तिथे कधी केली नाही! सनानं मोबाइल काढला.

"अब्बा, वर्ष लहान असेल तर पंचवीस वर्षं आधी भरतात ना? चंद्रानं तर नऊ महिन्यांपूर्वीच झाली!"

नसीमनं जिलबीचं ताट आपटलं. "म्हणजे विसरलात!"

"आपल्यात नसतोच म्हटलं ना!"

"मग चंद्र मध्ये आणला कोणी?"

मी मशिदीतल्या मौलानासाहेबांना फोन लावला. कौल माझ्याच बाजूनं लागणार, म्हणून स्पीकरही सुरू केला (दुसरी चूक!).

"मौलानासाहेब, झेंडावंदन चालतं ना?"

"बेशक! देश आपला आहे."

"आणि लग्नाचा वाढदिवस?"

"काही आलिम, धर्माचे जाणकार, नको म्हणतात, दुसऱ्यांची नक्कल होते म्हणून. काही म्हणतात, इबादत समजत नसाल आणि उधळपट्टी नसेल, तर हरकत नाही."

"म्हणजे टाळलेलाच बरा!" मी विजयानं नसीमकडे पाहिलं.

"जरूर टाळा. पण बायकोला भेट देणं सवाबाचं, पुण्याचं काम आहे. त्याला तारीख कशाला लागते? तुम्ही शेवटची कधी दिलीत?"

राष्ट्रगीतालाही आमच्या सोसायटीत इतकं स्तब्ध कोणी उभं राहत नाही!

संध्याकाळी सराफाच्या दुकानात बांगड्यांची एक जोडी घेतली. केक नाही, पाहुणे नाहीत, निव्वळ सवाब! पायऱ्या उतरताना नसीम हसून म्हणाली, "चंद्राचा सव्विसावा तीन महिन्यांवर आलाय हं. तुमचाच हिशेब!"

तेव्हापासून मी लग्नाचा वाढदिवस वर्षातून दोनदा साजरा करत नाही. पैसे दोन्ही वेळा सराफाला देतो.