ओळ झाकून बघणाऱ्या कुमुदकाकू

कुठलंही व्यंगचित्र दाखवताना कुमुदकाकू आधी त्याखालच्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवायच्या. "वाचू नकोस, बघ," म्हणायच्या. "ओळ वाचलीस की चित्रकार कानात बोलायला लागतो. आधी डोळ्यांना काय दिसतं ते सांग."

मी अमेरिकेत ॲन आर्बरला एमएस करायला आले आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत तासांवर काम मिळालं. तिथल्या जुन्या मासिकांच्या विभागाच्या काकू प्रमुख. मूळच्या पुण्याच्या, इथे पस्तीस वर्षं. विभागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिकन विनोदी मासिकं होती, पानं पापडासारखी मोडणारी. एकेका चित्राचं वर्णन लिहून कॅटलॉगमध्ये घालायचं, हे माझं काम. पहिलंच चित्र एका पुढाऱ्याचं होतं. मी लिहिलं, 'भ्रष्टाचारावर टीका.'

"भ्रष्टाचार कुठाय? दाखव मला," काकू म्हणाल्या. "मला एक लठ्ठ माणूस दिसतोय. खुर्ची त्याच्याखाली दिसेनाशी झालीय. आणि त्याच्या बुटाखाली कुणाची तरी टोपी आहे. टोपी लिहिलीस का?"

टोपी मी पाहिलीच नव्हती.

निवडणुका आल्या की मी त्यांना फोनवर आलेले मीम्स दाखवायचे. त्या चष्मा वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "नाक लांब केलं, पोट मोठं केलं. धंदा तोच आहे गं. फक्त हल्ली काढणारा सही करत नाही."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी सांगत फिरते. पण त्या वेळी एक गोष्ट मी लपवत होते. नागपूरला आई काय करते, असं कुणी विचारलं की मी 'केटरिंग' म्हणायचे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत गोडबोले काकूंनी भारतातल्या एका मुंजीसाठी तिचा नंबरही मागितला होता. सध्या ऑर्डर्स बंद आहेत, असं मी सांगून टाकलं. कुमुदकाकूंनाही केटरिंगच सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्या मासिकांचं एक्झिबिशन ठरलं. बारा चित्रांची लेबलं मी लिहायची होती. त्यातलं एक स्वयंपाकघराचं होतं. मधोमध आडदांड आयरिश मोलकरीण, बाह्या वर सारलेल्या, दंड उशीएवढे. पायाशी फुटलेलं ताट. कोपऱ्यात काडीसारखी मालकीण, भेदरलेली. मला खो खो हसू आलं. मी लिहिलं, 'धसमुसळ्या, उर्मट मोलकरणीने हैराण केलेली मालकीण.'

काकूंनी वाचलं. "हे तू लिहिलंस की मालकिणीनं?"

मी चित्राकडे पुन्हा बघितलं.

"हसलीस त्याचं काही नाही, मीही हसले. चित्र झकास काढलंय. पण हे मासिक विकत कोण घ्यायचं? मालकीणच ना? पुढाऱ्याचं पोट मोठं काढलं तर चित्रकाराला धमकी येते. मोलकरणीचे दंड मोठे काढले तर शाबासकी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं गं?"

"काकू, माझी आई चार घरची धुणीभांडी करते."

"आणि केटरिंग?"

"नाहीच आहे."

काकू बिच्चारी वगैरे काही म्हणाल्या नाहीत. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "तिकडे संध्याकाळचे साडेसात झाले असतील. लाव फोन. इथे कुणालाच न कळणारं तिला कळत असणार."

व्हिडिओ कॉलवर आईने आधी पदर सारखा केला. "ताई, नमस्कार," काकू म्हणाल्या. "एक चित्र दाखवते. काय दिसतं ते सांगा."

आईने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ताट फुटलं न बाई? मग मालकीण कायले भेवते? ताट फुटल्यावर आमीच भेवतो!"

काकूंनी टेबलावर हात मारला. "बघ! चित्रकारानं भीती चुकीच्या बाईच्या तोंडावर काढलीय. इतकी वर्षं हे चित्र मी बघतेय!"

लेबल पुन्हा लिहिलं. आईचं म्हणणं इंग्रजीत, जसंच्या तसं. "खाली तिचं नाव यायला हवं," काकू म्हणाल्या. "ज्याचं निरीक्षण, त्याचं नाव. विभागाची पद्धत आहे. आणि नावापुढे काम."

"काम लिहायलाच हवं? मंडळाचे सगळे येणार आहेत, काकू."

"प्रोफेसर असती तर लिहिलंच असतंस ना? पण आई तुझी आहे. तू ठरव. नको असेल तर अख्खं लेबल काढू. तिचं वाक्य आपल्या नावावर नाही खपवायचं."

दोन दिवस मी ती फाइल उघडायचे आणि बंद करायचे. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही न. मी का चोऱ्या करतो?" मी लिहिलं: शांता मेश्राम, घरकामगार, नागपूर.

उद्घाटनाला गोडबोले काकू नेमक्या त्याच चित्रापाशी थांबल्या. लेबल दोनदा वाचलं. "अगं, तुझंही आडनाव मेश्रामच ना? ही कोण?"

"माझी आई."

"पण तू तर केटरिंग..."

"खोटं सांगितलं होतं. चार घरची कामं करते. मी त्यावर शिकले."

कुमुदकाकू पलीकडच्या भिंतीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. माझ्या मदतीला आल्या नाहीत. नंतर मी तक्रार केली तर म्हणाल्या, "चांगली बोलत होतीस की. मी कशाला मधे?"

पुढे मी नोकरीसाठी टेक्सासमध्ये प्लेनोला आले. काकू निवृत्त झाल्या, पण दर रविवारी आईला फोन करून एकेक चित्र दाखवायच्या, हे मला कितीतरी उशिरा कळलं. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मी सकाळी आईला कळवलं. त्याच रात्री, तिकडे सकाळी तिच्या कामाच्या वेळेला, तिचा फोन आला, म्हणून मी घाबरले. कामावर का नाहीस, विचारलं.

"चाऱ्ही घरी सांगून देल्लं," आई म्हणाली. "आज येत नाही म्हणलं. घरचं माणूस गेलं."