दादारावांचं नाक

तज्ज्ञ म्हटला की माझं डोकं उठतं, पण आमच्या पार्सिपनीतल्या दादारावांपुढे मी मुकाट बसतो. मूळचे नागपूरचे, इथे अमेरिकेत चाळीस वर्षं डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायच्या कारखान्यात. निवृत्त झाल्यावर नाद लागला तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांच्या मिरवायच्या खंजिरांचा. "काका, बुद्धाच्या मूर्तीखाली ही हत्यारं कशाला?" मी एकदा विचारलं. "माणसं मारायला निघालेल्यांनी आधी केवढं नटून घेतलं, ते डोळ्यांपुढे राहू दे," ते म्हणाले.

अस्सल मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लास्टिकची असते. अंगठ्याने घासली की कापराचा वास येतो, आणि दादाराव त्यावरच निकाल देतात.

तीन वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, उघड्यावरच्या फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, शेजारच्या प्रतापला एक खंजीर आवडला. दादारावांनी हुंगून "नकली" म्हटलं. प्रतापने तरी घेतला. घरी सीमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळ्यांदेखत त्याला वेड्यात काढलं आणि पुढेही काढत राहिली. गेल्या वर्षी प्रताप हार्ट अटॅकने गेला.

परवा सीमा तोच खंजीर घेऊन दादारावांकडे आली. "काका, एकदा नीट चेक करा ना. प्रताप खरंच फसला होता का, एवढंच मला कळू दे."

गंजू नये म्हणून तिने तो जुन्या साडीत, कापराच्या वड्या घालून गुंडाळला होता. आता कशाचा वास नि कशाचं काय! मला हसू आलं, पण दादाराव हसले नाहीत. त्यांनी फडकं पसरलं आणि मुठीवरचं बोंड फिरवून काढलं. वय सत्तरीचं, पण बोटांना थरथर नाही. मूठ, आडपट्टी, पातं वेगवेगळं झालं. भिंगाखाली पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटावर बारीक ठोकलेला आकडा दिसला. आडपट्टीच्या आतही तोच, म्हणजे दोन्ही भाग मुळातच एका खंजिराचे. दोन्हींवरचा काळा मळ सांध्यापाशी तंतोतंत जुळत होता. ऐंशी वर्षं हा खंजीर कुणी उघडलाच नव्हता.

"अस्सल आहे," दादाराव म्हणाले. "त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. गारठ्यात सेल्युलॉइड वास सोडत नाही. हे मला माहीत होतं, सीमा. तरी उघडून बघायचा आळस केला. प्रताप बरोबर होता."

सीमाने सुट्या मुठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "तुमचं नाव सांगूनच मी त्याच्याशी भांडायचे, काका."

दादाराव उठले आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. एवढा मोठा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

सीमाने ते हात धरून खाली केले. "मलाही जोडायचेत, काका," ती म्हणाली. "पण आता कुणापुढे?"