रिसीव्हरची मागची बाजू

सव्वाचार वाजता स्पीकरमधून नुसता ढोल ऐकू आला. मी लावलेल्या कॅसेटमध्ये ढोल लांब अंगणात वाजत होता, जवळ एक बाई गात होती. ढोल येत होता. बाई येत नव्हती.

ती बाई माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. चांगुणाआजी. पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. तिने गायला सुरुवात केली की हळद लागते. घशाच्या ऑपरेशननंतर आजींचा आवाज कुजबुजीएवढा उरला होता. मोठ्या लेकीच्या लग्नात कोणीतरी भरलेली ही एकच कॅसेट घरात होती. आज नातीची, प्रणालीची हळद होती. आजींच्याच आवाजावर लागायची, असं प्रणालीने ठरवलं होतं. मुहूर्त सहाचा होता.

"मॅडम, काय जालं?" आजींचे चिरंजीव हरेशदादा दारातून म्हणाले.

"काही नाही दादा. सेटिंग करते."

सेटिंगचा प्रश्न नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी पनवेलमध्ये एका ऑडिओच्या दुकानात काम करते. ग्राहकाच्या घराला कोणती सिस्टीम योग्य, हे सांगायचं आणि जाऊन जोडून द्यायची. तीन आठवड्यांपूर्वी हरेशदादा दुकानात आले होते. करंजाड्यात त्यांनी नवा बंगला बांधला होता. हॉलच्या दोन भिंतींवर, छताजवळ, दोन चांगले स्पीकर आधीच बसवले होते. ते 'पॉवर्ड' होते. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या पोटातच असतो.

लोकांना मी हे पाण्याच्या उदाहरणाने सांगते. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पंप. या स्पीकरमध्ये पंप आतच आहे. त्यांना बाहेरून फक्त नळ लागतो. कोणतं पाणी सोडायचं आणि किती सोडायचं, एवढंच. तो नळ म्हणजे प्रीअ‍ॅम्प. रिसीव्हर म्हणजे नळ, पंप, रेडिओ, ब्लूटूथ असं सगळं एका डब्यात. पॉवर्ड स्पीकरला रिसीव्हर जोडायचा असेल, तर त्याच्या मागे 'प्री-आउट' नावाची दोन सॉकेट हवीत, डावं आणि उजवं. पाणी पंपात शिरायच्या आधीच तिथून बाहेर घेता येतं. पंपाला पंप जोडला तर स्पीकरचं इनपुट जळतं.

दादांचं बजेट बेताचं होतं. "स्पीकरमध्येच सगळा खर्च जाला मॅडम. आता कमीत बसवा. आईची कॅसेट वाजली पायजे बस."

त्या पैशात एक साधा प्रीअ‍ॅम्प येत होता. एक मोठं बटण, तीन इनपुट, बाकी काही नाही. त्याच पैशात एका कंपनीचा रिसीव्हरही येत होता. त्यात रेडिओ, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, रिमोट असं सगळं होतं. मी रिसीव्हर निवडला. आमच्या घरी एका वस्तूची चार कामं होत असतील तरच ती घेतात. एकाच कामाची वस्तू एवढ्या पैशाला घ्यायला सांगणं माझ्या जिवावर आलं.

इंटरनेटवरच्या माहितीच्या यादीत 'प्री-आउट : आहे' असं लिहिलं होतं. मी ऑर्डरचा कागद दुकानाच्या शेठसमोर ठेवला.

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "मागची बाजू बघितलीस?"

"हो," मी म्हणाले.

बघितली नव्हती. यादी वाचली होती. मला ते खोटं वाटलंही नाही. महाडच्या पुढच्या एका गावात मी शिकले. शाळेतली विज्ञानाची उपकरणं कपाटात असायची आणि कपाटाला कुलूप. काही फुटलं तर भरून कोण देणार? सर फळ्यावर आकृती काढायचे, आम्ही ती वहीत उतरवायचो, भागांची नावं पाठ करायचो. मी कधीही न हाताळलेल्या यंत्रांचे सगळे भाग सांगून पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. सरांना दोष देत नाही. त्या फळ्यामुळेच आमच्या घरात पहिली पदवी आली. पण नाव पाठ झालं म्हणजे वस्तू बघितली, ही सवय तिथली.

माल यायला उशीर झाला. खोका हळदीच्या दिवशी सकाळी आला. दुकानात जोडून बघायला वेळच नव्हता. करंजाड्यात पोचून मी रिसीव्हर फिरवला आणि मागे प्री-आउटचं एकच सॉकेट दिसलं. वर बारीक अक्षरात 'सबवूफर'. म्हणजे त्यातून फक्त खालचे, जाड आवाज बाहेर येणार. ढोल, पावलं, दार आपटल्याचा आवाज. बाईचा गळा त्यातून येणारच नाही. यादी खोटी नव्हती. प्री-आउट होतं.

तरी मी एकाची दोन करणारी वायर लावून बघितली. कदाचित येईल, म्हणून. माणूस घाबरला की असं 'कदाचित' करतो.

धप. धप. धप.

आजी खुर्चीतून पुढे वाकल्या. त्यांचं ऐकायला आपणही वाकावं लागायचं.

"ह्यो मी नाय गो पोरी," त्या म्हणाल्या. "ह्यो तं ढोलवाला हाय."

मागे हळद कालवणाऱ्या बायका हसल्या. मला हसता आलं नाही.

"टेपमदला आवाज गेला काय?" आजींनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या. "जुनी हाय टेप. माजा तं गेलाच. तिचा बी गेला?"

"नाही आजी. कॅसेट चांगली आहे."

"तू ऐकलास?"

पुन्हा तोच प्रश्न. या वेळी 'हो' तोंडातून निघेना. "नाही," मी म्हणाले. "अजून नाही ऐकला."

तेवढ्यात हरेशदादा रिसीव्हरच्या मागे वाकले होते. "मॅडम, हे लाल-काळे पॉइंट हायेत ना स्पीकरचे? मोठे मोठे. ह्याला लावून टाकू की डायरेक्ट." हातात सोललेली वायर होती.

"दादा, नको!" मी जवळजवळ ओरडले. "तो पंप आहे. स्पीकर जळतील."

दादांनी वायर सापासारखी टाकली. आता सगळ्यांना कळलं होतं की सेटिंग चाललेली नाही.

मी जिन्यात जाऊन शेठना फोन लावला. "शेठ, चूक झाली. मागची बाजू मी बघितली नव्हती."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझा 'हो' फार लवकर आला होता."

"मग ऑर्डर का..."

"माझी पण चूक आहे. ते नंतर. आता किती वाजले?"

"पावणेपाच."

"प्रीअ‍ॅम्प कळंबोलीच्या गोडाऊनमध्ये आहे, आणि गोडाऊन आज बंद. तुझ्याकडे काय काय आहे ते डोळ्यांनी बघ. पाठ म्हणून दाखवू नको."

फोन ठेवला. शेवटचा उपाय माझ्याकडे होता. कॅसेट वाजवणारा डेक, मधला रिसीव्हर काढून, सरळ स्पीकरला जोडायचा. पण मग आवाज पूर्ण जोरात येणार, आणि कमी-जास्त करायची बटणं छताजवळ, स्पीकरच्या पाठीला. हळदीच्या पाटाशेजारी शिडी लावून मी वर उभी, हे चित्र डोळ्यांपुढे आलं.

आत आले तर आजी तशाच बसल्या होत्या. नजर कॅसेटवर.

"मना कानाला लावून ऐकव," त्या म्हणाल्या. "आमची प्रणाली लावते तसा. मंग तुजी मशीन चालू दे, नायतं नको चालू दे. टेपमदी मी हाय का नाय, तेवडा सांग."

प्रणालीने हेडफोन आणून दिला. रिसीव्हरच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं जाड सॉकेट होतं. किटमधून अडॅप्टर काढला, पिन आत घातली, हेडफोन आजींच्या कानांवर ठेवला आणि प्ले दाबलं.

आजींचं बोट गुडघ्यावर ठेका धरायला लागलं. मग मान हलली.

"हाय," त्या म्हणाल्या. "आत हाय मी. जरा घाई करतंय, पन हाय."

मी त्यांच्या बोटाकडे बघत होते आणि मग माझी नजर हेडफोनच्या वायरवर गेली. आजींच्या कानात पूर्ण आवाज जात होता, डावा आणि उजवा. रिसीव्हरचं व्हॉल्यूमचं बटण तो कमी-जास्त करत होतं. म्हणजे मला हवा असलेला नळ हाच. मी मागे शोधत होते, तो पुढे होता.

मोबाइल जोडण्यासाठी एक वायर नेहमी किटमध्ये असते. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला डावं आणि उजवं. आजींना विचारून हेडफोन काढला. वायर लावली, व्हॉल्यूम शून्यावर आणला. हेडफोनचा सिग्नल जोरकस असतो, म्हणून बटण केसाकेसाने फिरवलं.

आधी बारीक गुणगुण आली, विजेची. मग खरखर. मग बाईचा आवाज, भरदार, घाईचा, दोन्ही भिंतींवरून.

हळद कालवणारे हात थांबले. एक म्हातारी म्हणाली, "अगो चांगुणा!" आणि कॅसेटच्या आवाजात आवाज मिसळून गायला लागली.

सहाला हळद लागली. आजींचे ओठ हलत होते. मधेच त्यांनी मला जवळ बोलावलं. कौतुक करतील असं वाटलं.

"बारीक कर," त्या म्हणाल्या. "नातीला ऐकू आला तरी बास. गावाला कला?"

कला म्हणजे कशाला. मी बटण एक केस मागे घेतलं.

"किती शिकलीस गो?"

"ग्रॅज्युएट आहे आजी. इलेक्ट्रॉनिक्स."

"मंग ढोल कला वाजवलास?"

लग्नानंतर मी रिसीव्हर परत नेला आणि तिथे तो साधा प्रीअ‍ॅम्प लावला. एक बटण, तीन इनपुट. गुणगुणही गेली. दादा म्हणाले, "ह्यात रेडिओ नाय?" मी म्हणाले, "नाही दादा. ह्यात फक्त आजी आहेत." कॅसेटची कॉपी करून पेनड्राइव्हवरही दिली.

पॉवर्ड स्पीकरसाठी काय घ्यावं, असं आता कोणी विचारलं, की मी किंमत आणि फीचर नंतर बघते. आधी यंत्राच्या पाठीचा फोटो मागते. डावं आणि उजवं, अशी दोन सॉकेट दिसली तरच पुढे बोलते.

शेठ अजूनही प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर तोच प्रश्न विचारतात. "मागची बाजू बघितलीस?"

मी आधी खुर्चीवरून उठते. उत्तर परत आल्यावर देते.