घरचा पोशिंदा

सावंत सर नसते तर आमच्या घरात कुणी पदवीधर झालंच नसतं. जंतांचा धडा शिकवताना ते म्हणाले होते, "परजीवी ज्याच्या जिवावर जगतो, तो पोशिंदा. तू शीक, घरचा पोशिंदा हो."

मी मलेरियाच्या परजीवीवर पीएचडी केली. आज संस्थेच्या फलकावर संशोधकाची जाहिरात लागली. प्रकल्प संपला की नेमणूकही संपणार. "गेल्या वेळचीच जाहिरात, तारीख तेवढी बदललीय रे," सोबत काम करणारी शिल्पा म्हणाली. फलकाच्या काचेवर डास बसला होता. मलेरियाचा परजीवीही माझ्यासारखाच, कधी डास कधी माणूस असे पोशिंदे बदलत जगतो, पण निदान वाढतो तरी. मी अर्ज केला.

संध्याकाळी सरांना लिहिले, "सर, घरचा पोशिंदा अजून वडीलच आहेत. मी माझ्यासाठी नवा शोधतो आहे."