वाट मोकळी कर, म्हाराजा

माझा मुतखडा सहा मिलिमीटरचा होता आणि तो निघावा, असे आमच्या गावाने एकमताने ठरवले होते.

तो झाला कसा, हे सांगायलाही लाज वाटते. मी पतपेढीत कारकून. तिथल्या संडासाची किल्ली मॅनेजरांच्या ड्रॉवरमध्ये असते आणि ती मागितली की ते आधी घड्याळाकडे बघतात. तो अपमान टाळायला मी पाणी पिणेच सोडून दिले. त्यात जेवणात रोज खारा बांगडा. शरीराने बरेच दिवस सोसले आणि मग एका दुपारी कमरेतून जांघेपर्यंत अशी कळ आली की मी काउंटरखाली जाऊन बसलो. (ग्राहकांना वाटले, मी त्यांना टाळतोय. तशी सवय मला होतीच.)

कुडाळला सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "खडा मूत्रनलिकेत अडकलाय. नळी सैल व्हायच्या गोळ्या देतो. भरपूर पाणी प्या, लघवी गाळून बघा. दोन आठवड्यांत पडला तर उत्तम. ताप आला तर मात्र लगेच या."

"आणि नाही पडला तर?"

"दुर्बीण घालून काढू."

"कुठून?"

डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर दयेने पाहिले. "जिथून पडायचाय तिथूनच."

त्या वाक्यानंतर मी माणसात राहिलो नाही.

घरी येऊन आईला बजावले, "आये, ह्या कोणाक सांगा नको."

"मी कोणाक कित्या सांगू? देवाक तेवढा सांगतंय."

आमच्याकडे देवाला सांगणे म्हणजे गाऱ्हाणे घालणे. ते कानात सांगत नाहीत. देवळाच्या सभामंडपात सगळा गाव उभा राहतो, गावचा मानकरी, म्हणजे गावकार, खड्या आवाजात एकेक मागणे मांडतो आणि प्रत्येक मागण्याला गाव साथ देतो. सोमवारी मी मान खाली घालून नारळ धरून उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या मुतवाटेत जो काय खडो अडाकलो आसा, तो बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या दुसऱ्या वेळी एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. तो माझ्या चुलतभावाचा, बाबलचा होता. माझ्या दुखण्याने त्याला एवढे कळवळलेले पाहून मला भरून आले.

सकाळी खणखणाट ऐकून बाहेर आलो, तर बाबल पहार घेऊन माझा गडगा पाडत होता.

या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, सांगायला हवे. बाबलच्या घराची पायवाट माझ्या अंगणातून जायची. त्याच्या मोटरसायकलखाली माझ्या बायकोची अबोली चिरडली, तेव्हा मी रागाने चिऱ्यांचा गडगा घालून वाट बंद केली. बाबल लांबून जाऊ लागला, त्याचे मला काही नव्हते. पण त्याची आई, माझी काकी, दुखरे गुडघे धरून मळ्याच्या बांधावरून जायची. ती दिसली की मी खिडकी लावून घ्यायचो.

"काय करतंस रे, बाबल?"

"देवाचो हुकूम. वाट मोकळी करतंय."

"अरे, ती वाट वेगळी!"

"गावकारान वेगळी म्हणान सांगल्यान नाय. आणि दादा, तू पण 'व्हय म्हाराजा' म्हटलंस. मी आयकलंय."

मी आधारासाठी आईकडे पाहिले. ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. "तू काकीची वाट अडयलंस, देवान तुझी अडयल्यान. हेच्यात इचारूचा काय आसा? चिरे उचल."

"आये, माका कळ येता गो."

"काकीक पण येता."

मी चिरे उचलायला लागलो. ऊन चढले, घशाला कोरड पडली. काकीने तिच्या दारातून पाण्याची लहान कळशी आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती अख्खी रिकामी केली. तिने दुसरी आणली. बायको मध्येच कुळथाचे कळण, म्हणजे उकडलेल्या कुळथाचे पाणी, देऊन गेली, तेही प्यायलो. दुपार कलेपर्यंत गडगा नव्हता आणि माझ्या पोटात विहीर होती.

संध्याकाळी बाथरूममध्ये गाळण्यात 'टिक' असा आवाज झाला. (गाळणे नवीन आणले होते. आमच्याकडे चहा घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो.) आईने देवाला नारळ कबूल केला.

डॉक्टरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "खडा गोळ्यांनी आणि पाण्याने पडतो, गडगा पाडून नाही. त्या दिवशी पाणी किती प्यायलात?"

"दोन कळश्या."

"मग झालं. आता रोज भरपूर प्या, खारा बांगडा कमी करा, नाहीतर खडा पुन्हा होईल."

म्हणून मी आता पाणी पितो. मॅनेजर घड्याळ बघतात, मी किल्ली बघतो. काकी अंगणातून हळूहळू जाते आणि तिच्यामागून बाबल मोटरसायकल ढकलत नेतो, अबोली वाचवून. माझ्या तब्येतीची तो मनापासून चौकशी करतो, फक्त ती रस्त्यापर्यंत ऐकू जाते.

"दादा, वाट मोकळी आसा मा?"

रस्त्यावरची माणसे थांबून माझ्या उत्तराची वाट पाहतात. मी हातात तांब्या घेऊन, मान खाली घालून म्हणतो, "व्हय म्हाराजा."