तळाची माती

पाण्यात उतरण्याआधी गोपाळ गुरव चपला काढून उलट्या ठेवायचा. विंचू शिरू नये म्हणून. बेलाची पानं तोडताना झाडाला हळूच "घेतो रे" म्हणायचा. बोलता बोलता मान एका अंगाला झटकायचा, कानात पाणी गेल्यासारखी. कान कोरडे असले तरी. आणि कुठलंही लेकरू बारवेत सोडण्याआधी स्वतः सूर मारायचा, तळाला जायचा, मूठभर गाळ वर आणून पायरीवर थापायचा. म्हणायचा, "हा बघा तळ. आता भ्यायचं काहून?"

शिरड शहापूरची निम्मी पोरं त्या गाळाकडं बघून पोहायला शिकली. बारव गावाबाहेर होती, दगडी पायऱ्यांची, खोल. बहात्तरच्या दुष्काळात ती ठणठणीत कोरडी पडली, तेव्हा गोपाळ तळावर अनवाणी हिंडून आला होता. पाण्याखालचा दगड न् दगड त्याच्या ओळखीचा होता.

हरिचंदला पोहता येत नव्हतं. तो बौद्धवाड्यातला. मराठी घेऊन नांदेडहून बी. ए. झालेला, नोकरीची वाट बघत बसलेला. लहानपणी त्याच्या वाड्यातल्या पोरांना त्या बारवेकडं कुणी फिरकू दिलं नव्हतं. गोपाळनं एकदा देवळाच्या ओट्यावर चारचौघांत म्हटलं, "बीए, औंदा तुला पाण्यात सोडतो."

कुणीतरी घसा खाकरला.

"खाकरा," गोपाळ म्हणाला. "पाणी न्हाई खाकरत."

त्या दिवसापासून तो हरिचंदसाठी भोपळ्याची जाळी विणायला बसला. कडू भोपळा वाळवायचा, त्याभोवती अंबाडीच्या सुतळीची घट्ट जाळी विणायची आणि तो पाठीला बांधायचा. मग नवखा माणूसही बुडत नाही.

गोपाळची आई जनकाबाई. तिचे गुडघे गेले होते. मरायच्या आधी गंगेत तीन बुडक्या मारायच्या, एवढीच तिची इच्छा. आणि आईला गंगेत नेऊन सुखरूप परत आणायचं, एवढाच गोपाळचा ध्यास. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, "आधी गंगा, मग मुंडावळ्या." गावात आलेल्या एका कीर्तनकारानं सांगितलं होतं, हृषीकेशला गंगा नुकती डोंगरातून उतरते, पुढं तिच्यात साऱ्या मुलखाची धुणी. म्हणून जायचं तर हृषीकेशलाच, हे ठरलं.

कधी जायचं, ते पंच्याहत्तरच्या होळीला ठरलं.

"दिवाळीच्या पुढं जाऊ," जनकाबाई म्हणाली. "हवा बरी असती."

"अन् पावसाचं पाणी वसरलेलं नसलं तर? तुझे गुडघे टिकतील का धारेत? जेठात जाऊ, माय. तवा नदी पार उतरलेली असती. गुडघाभर पाण्यात बसवतो तुला."

यावर गावात कुणी दुसरा शब्द काढला नाही. उन्हाळ्यात कयाधू नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं घागर भरणारी ही माणसं. नदी उन्हाळ्यात आटते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं.

हरिचंदनं नकाशा आणला. गोपाळनं त्यावर वाकून बोट ठेवलं.

"ही गंगा? केसाएवढी तर हाय. जेठात पुसूनच जाईल, बीए."

त्या दिवशी प्रेमसिंग ओट्यावर होता. हिंगोलीची जीप चालवायचा. त्याआधी काही वर्षं तो तिकडं उत्तरेत ट्रकवर होता.

"बराबर जाव," तो म्हणाला. "ठंडा पानी, हाथ डाला तो हड्डी बजती. पन गर्मी में गंदला रहता. मिट्टी मिट्टी."

गोपाळनं मान झटकली आणि तशीच तिरपी धरली. उन्हाळ्यात पाणी निवळतं. गढूळ होतं ते पुराचं. हे त्याच्याइतकं त्या ओट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं.  मग तो म्हणाला, "म्हशी बसत असतील."

सगळे हसले. जनकाबाई हसली नाही.

"डोंगरात एवढ्या म्हशी कुठून आल्या रे?" तिनं विचारलं.

मग तयारीच तयारी. तिनं बुडकीसाठी नवं पातळ घडी करून ठेवलं. गंगाजळासाठी तांब्याचा गडू घासला. दशम्या झाल्या, चिवडा झाला. ऊन असं तापलं की देवळाचा कळस बघवेना. निघायच्या आदल्या दिवशी हरिचंद म्हणाला, "गोपाळभाऊ, भोपळा घेऊन जा की."

"जाळी अर्धीच झाली. अन् गुडघाभर पाण्यात भोपळा बांधून बसलो तर गंगा हसंल मला." त्यानं भोपळा खुंटीला अडकवला. "आल्या आल्या पुरी करतो. मग तू अन् बारव."

प्रेमसिंगच्याच जीपमधून हिंगोलीला गेले. वाटेतले ओढे कोरडे ठक्क. गोपाळ प्रत्येक ओढ्याकडं आईला बोट दाखवत होता. स्टेशनावर त्यानं तिला पाठंगुळी घेतलं आणि खांडव्याच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून मान झटकत होता. हरिचंद फलाटावर उभा राहिला. का कोण जाणे, शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी त्याला निघवेना.

जनकाबाई परत आली ती एकटी. वाशीमच्या यात्रेकरूंनी आणून सोडली. हरिचंद गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. त्यानं विचारण्याआधीच तिनं सांगितलं, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं.

"घाटाच्या अर्ध्या पायऱ्या पाण्यात. पाणी मातकट. आवाज असा की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. तिथला माणूस हातवारे करून राहिला, वर डोंगरात उन्हानं बरफ वितळून राहिलं म्हणून. म्या म्हणलं, गोपाळ, चल माघारी. तर म्हणला, थांब माय, आधी तळ दावतो. चपला उलट्या ठिवल्या. अन् सूर मारला."



"लोक खालच्या अंगाला पळून राहिले," ती म्हणाली. "म्या न्हाई हलले. जिथं बुडी मारली तिथंच बघत बसले. बारवेत तिथंच वर यायचा न्हवं?"

तो गावला नाही. तिनं गंगेला पाय लावला नाही. गडू कोरडा होता. नव्या पातळाची घडी मोडली नव्हती.

हरिचंद उठला. खुंटीवरून भोपळा काढून त्यानं मांडीवर घेतला. खालच्या अर्ध्या पोटाला जाळी होती, वरचा भाग उघडा. चार सुतळ्या लोंबत होत्या. शेवटची गाठ घातलेली होती; ओढायची राहिली होती.